सार्वजनिक उद्यानातील छायाचित्रण : परवाना कोणाला, कशासाठी?

सार्वजनिक उद्यान ही सर्वांच्या मालकीची जागा. सकाळी फिरावयास येणारे वृद्ध, घसरगुंडीभोवती जमलेली मुले, बाकावर अभ्यास करणारे विद्यार्थी या सर्वांचा तेथे सारखाच हक्क असतो. कॅमेरा घेऊन येणारा छायाचित्रकारही याच नागरिकांपैकी एक होय. मग छायाचित्र घेण्यापूर्वी त्याने परवाना घ्यावा काय? विवाहपूर्व छायाचित्रणाची प्रथा रूढ झाल्यापासून आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आल्यापासून या प्रश्नावरून पहारेकरी व नागरिक यांच्यात खटके उडू लागले आहेत. त्यामुळे त्याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

कायद्याची बैठक

संविधानाच्या अनुच्छेद १९ ने अभिव्यक्तीचे आणि व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही त्याच अनुच्छेदात आहे. सार्वजनिक जागी छायाचित्र घेण्यास सरसकट मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. उलट, सार्वजनिक ठिकाणी कायम उभारलेल्या पुतळ्याचे छायाचित्र घेतल्याने शिल्पकाराच्या हक्काचा भंग होत नाही, असे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ सांगते. मात्र उद्यानाची व्यवस्था पाहणाऱ्या स्थानिक संस्थेला तेथील शिस्तीसाठी नियम करता येतात. चित्रपट व मालिकांच्या चित्रीकरणाची परवानगी हा तर स्वतंत्रच विषय आहे.

राष्ट्रीय उद्यानाची गोष्ट वेगळी. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्र बिबट्यासह असंख्य वन्य जीवांचे घर आहे. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ मध्ये ज्या कारणांसाठी प्रवेशाचा परवाना देता येतो, त्यांत छायाचित्रणाचाही उल्लेख आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्यात चित्रपटनिर्मितीची भर पडली. परंतु अधिवासात बदल होऊ नये व वन्य जीवांवर प्रतिकूल परिणाम होऊ नये, ही अटही घातली गेली. या अटीमागील कारण समजण्यास अवघड नाही. घरट्याचे स्पष्ट चित्र मिळावे म्हणून भोवतीची पाने दूर केली की पिले उन्हाला आणि कावळ्यांना उघडी पडतात. तेथे परवाना हे केवळ कागदी बंधन नसून पिलांचे संरक्षण आहे.

निकष कोणता?

नगरातील बागेत हाच निकष लावला तर उत्तर सोपे होते. फुलांचे वा नातवंडांचे छायाचित्र घेणाऱ्यामुळे कोणाचीही वाट अडत नाही. परंतु दिव्यांचे स्टँड, विजेच्या तारा आणि दहा-पंधरा माणसांचा ताफा घेऊन हिरवळ दोन तास अडविली गेली, तर इतरांचा हक्क डावलला जातो आणि हिरवळही तुडवली जाते. अशा वेळी वेळ व जागा ठरवून देणारी परवानगी आणि नुकसानभरपाईची हमी मागणे न्याय्य ठरते.

‘व्यावसायिक’ हा शब्द मात्र निकष म्हणून अपुरा आहे. एकट्याने कॅमेरा घेऊन पोट भरणारा छायाचित्रकार आणि जाहिरातपट काढणारी कंपनी, दोघेही व्यावसायिकच. कंपनीला जे शुल्क किरकोळ वाटते, तीच पहिल्याची दिवसाची कमाई असू शकते. शिवाय नियम संदिग्ध असला की निर्णय पहारेकऱ्याच्या मर्जीवर जातो. मोठा कॅमेरा गळ्यात दिसला की अडवायचे आणि तेच चित्र मोबाइलवर घेणाऱ्यास सोडायचे, यात कसलीही सुसंगती नाही.

या संदर्भात अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. तेथील राष्ट्रीय उद्यानांत व्यापारी चित्रीकरणासाठी पूर्वी परवाना व शुल्क लागत असे. जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने व्यापारी व बिगरव्यापारी हा भेद दूर केला. समूह लहान असेल, उपकरणे हाताने वाहून नेण्याजोगी असतील, इतरांना अडथळा आणि निसर्गाला हानी होत नसेल, तर सामान्यतः परवाना लागत नाही. हेतूपेक्षा परिणाम पाहावा, हे त्यातील सूत्र आहे.

परवान्याने न सुटणारा प्रश्न

दुसऱ्याच्या, विशेषतः स्त्रिया व मुलांच्या, खासगीपणाचा प्रश्न राहतो. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. तथापि खोडसाळ मनुष्य परवाना मागावयास येत नाही. त्याच्यासाठी फौजदारी कायदाच हवा. सज्जनाला मात्र परवान्याविनाही एवढे कळावे, की अनोळखी मुलाचे छायाचित्र घेण्यापूर्वी त्याच्या आईवडिलांना विचारावे.

तेव्हा प्रवेशद्वारावर सुबोध मराठीत फलक असावा. कशास परवानगी लागत नाही, कशास लागते, अर्ज कोठे करावा आणि शुल्क किती, एवढे त्यावर लिहिलेले असले तरी बरेच वाद टळतील. नियम थोडे व स्पष्ट असले तर ते पाळणे नागरिकांना जड जाणार नाही आणि उद्यान खऱ्या अर्थाने सर्वांचे राहील.