दुखणं खोटं, अभ्यास खरा!

दोस्तांनो, डॉक्टर-डॉक्टर कधीच खेळला नाही असा तुमच्यात कुणी आहे का? एकाने आडवं पडून कण्हायचं, दुसऱ्याने गळ्यात दोरी अडकवून "जीभ दाखवा" म्हणायचं! हाच खेळ मेडिकल कॉलेजातही खेळतात आणि त्याला चक्क मार्क असतात, असं सांगितलं तर? थट्टा नाही हं!

१९६३ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात हॉवर्ड बॅरोज नावाचे मज्जासंस्थेचे डॉक्टर शिकवत होते. त्यांना एक प्रश्न सतावत होता. विद्यार्थी पेपर तर छान लिहितात, पण पेशंटला नीट तपासतात का, हे कळणार कसं? परीक्षेला खरा पेशंट आणला, तर त्या बिचाऱ्याला किती जणांनी ठोकायचं आणि टोचायचं?

त्यांच्या डोक्यात एक जुना किस्सा घोळत होता. डॉक्टरांच्या एका परीक्षेला बोलावलेल्या खऱ्या पेशंटला कुणीतरी फार धसमुसळेपणाने तपासलं. पेशंटही वस्ताद! त्याने आपली 'बाबिन्स्कीची खूण' सरळ दुसऱ्याच पायावर दाखवली!

ही खूण म्हणजे काय? तळपायावर टाचेकडून बोटांकडे बोथट वस्तू ओढली, की आपली बोटं खाली वळतात. पण मेंदूकडून पायाकडे येणाऱ्या मज्जामार्गाला इजा झाली असेल, तर अंगठा वर उठतो. जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये पॅरिसला ही खूण सांगितली. घरात तान्हं बाळ असेल तर त्याचाही अंगठा वर जाईल. घाबरू नका, त्याच्या मज्जातंतूंची वाढ अजून पुरी व्हायची असते.

आता बघा, पेशंटला खूण बदलता येते, तर धडधाकट माणसाला ती करून दाखवता का येऊ नये? बॅरोजनी चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका बाईला शिकवायला घेतलं. आजार होता मल्टिपल स्क्लेरोसिस. यात मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं, विजेच्या वायरीवरचं प्लॅस्टिक जावं तसं. बाई शिकल्या : पाय हलवायचे नाहीत, अंगठे वर न्यायचे, एका डोळ्याने दिसत नाही असं वागायचं, काही ठिकाणी स्पर्श कळतो पण टोचलेलं कळत नाही असं सांगायचं. शिवाय आपल्याला काय झालंय हेच माहीत नसलेल्या माणसाची काळजी चेहऱ्यावर हवी! सगळंच काही सोंगात बसत नाही. उजेड पडला की डोळ्याची बाहुली बारीक होणारच, तिला कोण थांबवणार?

वर्तमानपत्रांनी खूप टिंगल केली. मेडिकल कॉलेजात हॉलिवूड घुसलं म्हणे! काही डॉक्टरांनाही हे शोभेचं वाटलं नाही. पण खरी गंमत पुढेच होती. प्रत्येक विद्यार्थी गेल्यावर बाई एक यादी भरत : याने काय तपासलं, काय राहिलं. खरा पेशंट कधी म्हणेल का, "डॉक्टर, तुमचे हात फार गार आहेत, आणि तुम्ही माझं ऐकूनच घेतलं नाहीत"? तो मुकाट्याने घरी जातो आणि सांगायची गोष्ट तशीच राहते. आई-बाबांना विचारा, त्यांना हे लगेच पटेल.

पुढे ही पद्धत जगभर पसरली. २००४ ते २०२० या काळात अमेरिकेत डॉक्टरकीचा परवाना मिळवताना अशा बारा 'पेशंटांना' तपासावं लागे, प्रत्येकी पंधरा मिनिटांत. आपल्याकडून जाणारे डॉक्टरही त्यासाठी विमानाने तिकडे जात. करोनाच्या साथीत ती परीक्षा थांबली, ती पुन्हा सुरू झालीच नाही. कॉलेजांतून मात्र नाटक चालूच आहे. आपल्याकडेही २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात पेशंटशी बोलायचं कसं, याचे धडे आले.

तुम्हीही करून बघा. एका चिठ्ठीवर लिहा : 'पोट दुखतं, कालपासून, काल तीन प्लेट पाणीपुरी.' चिठ्ठी पेशंटने लपवायची आणि विचारलं तेवढंच सांगायचं. पाणीपुरीपर्यंत पोचायला डॉक्टरसाहेबांना किती प्रश्न लागतात ते मोजा. मग पेशंटला विचारा, हे ऐकत होते, की नुसतेच नाडी धरून बसले होते?