चिंचोक्यांची लढाई

३ जुलै १८६३ ची दुपार. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, गेटिसबर्ग गावाबाहेरच्या उघड्या शेतांतून सुमारे साडेबारा हजार सैनिक चालत निघाले. समोर सव्वा किलोमीटरवर एक बुटका उंचवटा होता. त्यावर दगडी गडगा आणि गडग्यामागे उत्तरेचे सैन्य तोफाबंदुकांसह उभे होते. तासाभरात हल्ला मोडला. निम्म्याहून अधिक हल्लेखोर ठार, जखमी किंवा कैद झाले. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचे सेनापती ली यांनी हा हल्ला करायला लावला होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) तो ‘पिकेटचा हल्ला’ म्हणून प्रसिद्ध आहे.

असे प्रसंग टेबलावर छोटे शिपाई मांडून पुन्हा लढण्याचा छंद अनेकांना असतो. त्याचे मूळ प्रशियाच्या सैन्यात आहे. तेथे फॉन राइसविट्स यांनी १८२४ साली नकाशा, ठोकळे आणि फासे वापरून अधिकाऱ्यांना शिकवण्याचा खेळ प्रसिद्ध केला. आम्हाला या खेळात रस वाटला तो त्यातल्या गणितामुळे. शिपाई नसले तरी चालतात. खडू, फासा आणि १२५ चिंचोके पुरतात.

प्रथम प्रमाण ठरवू. १ सेंटीमीटर म्हणजे १० मीटर धरले, तर सव्वा किलोमीटरचे मैदान वर्गाच्या जमिनीवर सुमारे १२० सेंटीमीटरचे होते. एक चिंचोका म्हणजे १०० सैनिक. (या प्रमाणात खरा माणूस दोन मिलिमीटरही उंच भरणार नाही. टेबलावरचे शिपाई मैदानाच्या मानाने नेहमीच राक्षसी असतात!) आता वेळ. त्या काळच्या कवायतीत जलद चाल मिनिटाला ११० पावलांची आणि पाऊल २८ इंचांचे असे. म्हणजे मिनिटाला सुमारे ७८ मीटर. एक पाळी दोन मिनिटांची धरली आणि शेतातली चाल थोडी मंद मानली, तर एका पाळीत १५ सेंटीमीटर सरकायचे. आठ पाळ्यांत गडगा येतो.

चिंचोक्यांचे पाच-पाचचे २५ गट करावेत. प्रत्येक पाळीत प्रत्येक गटासाठी एक फासा टाकावा. पहिल्या पाच पाळ्यांत फक्त तोफांचा मारा आहे. ६ पडले तर एक चिंचोका उचलायचा. पुढच्या पाळ्यांत बंदुकाही सुरू होतात. तेव्हा ४, ५ किंवा ६ पडले तरी एक उचलायचा. वाटेत एमिट्सबर्ग रस्त्याची लाकडी कुंपणे आहेत. ती ओलांडताना सैनिक खरोखरच अडकले होते. म्हणून गडग्याच्या अलीकडे सुमारे २५ सेंटीमीटरवर एक पाळी जागीच थांबायचे.

सरासरी काढू. पहिल्या टप्प्यात ५ × २५ ÷ ६, म्हणजे सुमारे २१ चिंचोके जातात. नंतरच्या चार पाळ्यांत ४ × २५ ÷ २, म्हणजे ५०. एकूण ७१, म्हणजे सैन्याचा निम्म्याहून अधिक भाग. कुंपण नसते तर ५८ गेले असते. फासा असल्याने एखाद्या गटाचे साठ जातील, दुसऱ्याचे ऐंशी. वर्गातील सर्व आकडे फळ्यावर लिहून सरासरी काढली की ती सत्तरच्या आसपास येईल.

आकडा इतिहासाशी जुळला म्हणून आम्हीही आधी खूश झालो. मग लक्षात आले की ६ वर एक चिंचोका, ४ वर एक चिंचोका हे नियम उत्तर माहीत असतानाच ठरवले होते. जुळवलेले उत्तर जुळले, यात सिद्ध काय झाले? प्रतिमान खरे की खोटे हे पाहायचे, तर हेच नियम न बदलता दुसऱ्या एखाद्या हल्ल्याला लावून बघावे लागतील. हवामानाचे असो वा साथीच्या रोगाचे, कोणत्याही प्रतिमानाला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मुले तो आपणहून विचारतील असे पाहावे.

दुसरी त्रुटी अशी की आपण वरून सगळे मैदान बघतो. ली यांना ते दिसत नव्हते. हल्ल्याआधी त्यांच्या तोफांनी प्रचंड मारा केला, पण धुरामुळे नेम कळेना आणि पुष्कळ गोळे उंचवट्यापलीकडे जाऊन पडले. हल्ल्याला विरोध करणारे त्यांचेच सेनानी लाँगस्ट्रीट यांना मात्र हे मैदान ओलांडणे अशक्य वाटत होते. त्यांच्याजवळ फासा नव्हता; अंतर आणि मारा यांचा अंदाज होता.

आणि भीती? ती आपल्या नियमांत कुठेच नाही. चिंचोका कधी मागे वळून पळत नाही.

खेळ संपल्यावर उचललेले चिंचोके एका वाटीत जमतात. मुलांना ते मोजायला सांगावे आणि प्रत्येकाला शंभराने गुणायला सांगावे. आकडा फळ्यावर लिहून क्षणभर थांबावे. प्रतिमान काय दाखवते हे आपण शिकवतो. ते काय झाकते हेही त्याच तासाला शिकवता येते.