कोतवाल बुकातला बिननावाचा मुलगा

घराण्याचा शोध घ्यायचा म्हणजे जन्माच्या नोंदीपासून सुरुवात, असं आपल्याला वाटतं. मी उलट सांगेन. मृत्यूच्या नोंदीपासून सुरुवात करा.

महाराष्ट्रातल्या गावांत इंग्रजी अमदानीपासून गावचे जन्म-मृत्यू एका वहीत टिपले जायचे. महसुली भाषेत गाव नमुना 14, बोलीत कोतवाल बुक. जुनी बुकं बरीचशी मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा सोबत हवा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मागायची. इंदूर-बडोद्याला वाढलेल्यांनी मात्र आधी मूळ गाव आणि तालुका घरातल्या मोठ्यांना विचारून पक्का करावा.

अडचण अशी, की जन्माच्या नोंदीत मूल बहुधा बिननावाचं असतं. बारशाआधीच नोंद झालेली! बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख, बस. मोठ्या माणसाच्या मृत्यूच्या नोंदीत नाव आणि वय मिळतं. त्या वयावरून मागे जायचं. पण वयं साठ, पासष्ट अशी अंदाजाने लिहिलेली असतात, म्हणून पाच-पाच वर्षं अलीकडे-पलीकडे चाळा.

माझ्या आजोबांचा शाळेचा दाखला जन्मतारीख सांगतो 1 जून 1916. ही मास्तरांनी दिलेली तारीख. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्याच दिवशी! बुकात पणजोबांच्या नावे दोन मुलगे, एक 1914 चा, एक 1917 चा. आजोबा यांतले कोणते? उत्तर सापडलं ऑक्टोबर 1918 मध्ये. इन्फ्लुएंझाच्या साथीचा तो महिना. एरवी महिन्याला दोन-तीन ओळी, इथे पानंच्या पानं, आणि कारणाच्या रकान्यात तोच शब्द: ताप. त्यांतच एक ओळ, पणजोबांचा मुलगा, वय दीड. म्हणजे 1917 चा गेला; 1914 चे ते आजोबा. या भावाचं नाव आमच्या घरात कुणी कधी घेतलं नाही. नाव होतं की नाही, तेही बुक सांगत नाही.

आजोबांच्या थोरल्या बहिणीचा जन्म मात्र त्या बुकात कुठेच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे नोंदही माहेरच्या गावी. बायकांचा माग इथेच तुटतो. सासरच्या वहीत माहेरचं गाव लिहिलेलं नसतं. पणजीचं माहेर सांगू शकेल अशी आमच्यात आता फक्त थोरली आत्या उरली आहे. येत्या रविवारी तिच्याकडे जातोय.