आकाश वाचायला शिकवणारे पुस्तक

आकाशदर्शन हा तसा बिनखर्चाचा छंद. तरीही अनेक घरांत त्याचा प्रारंभ महागड्या दुर्बिणीने होतो आणि काही महिन्यांतच ती दुर्बीण माळ्यावर जाते. दुर्बिणीतून आकाशाचा अगदी लहानसा तुकडा दिसतो. तो नेमका कोणता पाहावयाचा हे ठाऊक नसेल, तर उत्तम भिंगही निरुपयोगी ठरते. म्हणून पहिली खरेदी असावी ती चांगल्या मार्गदर्शक पुस्तकाची. त्याची निवड करताना पुढील बाबी पारखून घ्याव्यात.

अक्षांश : बरीच इंग्रजी पुस्तके ४० ते ५० अंश उत्तर अक्षांशांवरील वाचकांसाठी लिहिलेली असतात. लंडनहून अगस्तीचा तारा कधीच दिसत नाही आणि सप्तर्षी कधीच मावळत नाहीत; महाराष्ट्रात या दोन्ही गोष्टी उलट आहेत. भारतातही स्थानपरत्वे मोठा फरक पडतो. ध्रुवतारा चंदीगडला क्षितिजापासून सुमारे ३१ अंशांवर, मुंबईला १९ अंशांवर, तर तिरुवनंतपुरमला जेमतेम साडेआठ अंशांवर दिसतो. याउलट अगस्ती चंदीगडला जास्तीत जास्त ७ अंश वर येतो, तर तिरुवनंतपुरमला जवळजवळ २९ अंश. बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांनी तर भारताचे अक्षांश गृहीत धरलेलेच पुस्तक घ्यावे.

नकाशे : तारे दररोज सुमारे चार मिनिटे, म्हणजे महिन्याला दोन तास लवकर उगवतात. त्यामुळे प्रत्येक नकाशावर तारीख आणि वेळ दोन्ही हव्यात. उत्तर वर धरली असता पूर्व डावीकडे असावी. कारण हा नकाशा डोक्यावर धरून पाहावयाचा असतो. अगस्ती-कॅनोपस, चित्रा-स्पायका, स्वाती-आर्क्टुरस अशी दोन्ही नावे दिलेली असल्यास पुढील वाचन सुकर होते.

वाट दाखवण्याची रीत : दुकानातच मृग नक्षत्राचे पान उघडून पाहावे. मृगातील तीन ताऱ्यांची ओळ आग्नेयेकडे वाढवली की व्याध आणि वायव्येकडे वाढवली की रोहिणी सापडते. अशा खुणा पुस्तकात असतील, तर लेखक वाचकाला हात धरून नेणारा आहे असे समजावे. गाय कॉन्सोलमॅग्नो व डॅन डेव्हिस यांच्या 'टर्न लेफ्ट अ‍ॅट ओरायन' (१९८९) या पुस्तकाची लोकप्रियता अशाच मांडणीत आहे. लहान दुर्बिणीतून जे दिसते, तेच त्यातील चित्रांत रेखाटलेले आहे.

चित्रांचा प्रामाणिकपणा : देवयानी दीर्घिकेची रंगीत छायाचित्रे मोहक खरी, परंतु डोळ्यांना ती अंधाऱ्या रात्री धुरकट ठिपक्यासारखीच दिसते. ही कल्पना आधी न देणारे पुस्तक नवख्याच्या पदरी, विशेषतः मुलांच्या पदरी, निराशा टाकते आणि छंद तेथेच संपतो.

आवृत्ती : ताऱ्यांचे नकाशे लवकर शिळे होत नाहीत. परांचन गतीमुळे त्यांची स्थाने सुमारे ७२ वर्षांत एका अंशाने सरकतात. ग्रहांची कोष्टके मात्र त्या त्या वर्षापुरतीच असतात. त्यांसाठी दरवर्षीचे पंचांग पाहावे. प्लूटोला नववा ग्रह म्हणणारे पुस्तक २००६ पूर्वीचे असण्याचा संभव अधिक.

बांधणी : पुस्तक रात्री गच्चीवर, दवात आणि तांबड्या प्रकाशात वाचावयाचे असते. ते सपाट उघडणारे असावे. त्यातील रेषा तांबड्या शाईच्या नसाव्यात, कारण तशा प्रकाशात त्या नाहीशा होतात.

खरेदीपूर्वी ग्रंथालयातून पुस्तक आणून दोन-चार रात्री वापरून पाहावे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था (स्थापना १९४४) किंवा मुंबईचे खगोल मंडळ यांसारख्या संस्थांतील जाणत्यांचा सल्लाही मोलाचा ठरतो. ज्या पुस्तकाच्या साहाय्याने पहिल्याच रात्री आपणांस पाच तारे नावानिशी ओळखता येतील, ते पुस्तक आपले. दुर्बिणीचा विचार त्यानंतर निश्चिंतपणे करता येईल.