एकाच वाहिनीच्या काळातील जाहिराती आणि त्यांची न ओसरणारी ओढ

मार्च २०२० च्या अखेरीस, देशव्यापी टाळेबंदीच्या काळात, दूरदर्शनने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ या मालिकांचे पुनःप्रसारण सुरू केले. त्या वेळी अमूलने एक वेगळा निर्णय घेतला. या मालिकांसोबत नव्या जाहिराती न देता कंपनीने आपल्या जुन्या संग्रहातील जाहिरातीच पुन्हा पडद्यावर आणल्या. प्रेक्षकांनी मालिकांचे स्वागत केले हे समजण्यासारखे होते. परंतु समाजमाध्यमांवर चर्चा त्या जाहिरातींचीही झाली. ज्या क्षणांत प्रेक्षक एरवी पाणी प्यायला उठतो, त्या क्षणांविषयी इतकी आत्मीयता का वाटावी, हा प्रश्न त्या निमित्ताने पुढे आला.

त्याचे पहिले उत्तर प्रसारणाच्या इतिहासात सापडते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती दाखवण्यास १ जानेवारी १९७६ पासून सुरुवात झाली. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमांचे प्रसारण आणि रंगीत चित्रवाणी यांचा प्रारंभ झाला, तर जुलै १९८४ मध्ये ‘हम लोग’ ही मालिका आली. येथपासून १९९१-९२ मध्ये उपग्रह वाहिन्या अवतरेपर्यंतचा काळ जेमतेम सात-आठ वर्षांचा आहे. आज ज्यांची आठवण काढली जाते, त्यांपैकी बहुतेक जाहिराती याच अल्पकाळात घराघरांत पोहोचल्या.

या काळात रिमोट फारच थोड्या घरांत होता आणि असला तरी बहुतेक गावांत बदलून पाहण्यासाठी दुसरी वाहिनीच नव्हती. जाहिराती प्रामुख्याने कार्यक्रमाच्या आधी एकत्रित दाखवल्या जात. मालिकेचा आरंभ चुकू नये म्हणून मंडळी आधीच येऊन बसत आणि ओघाने सगळ्या जाहिराती पाहत. ज्यांच्याकडे संच नव्हता ते शेजाऱ्यांकडे जात. आजी, आजोबा, नोकरदार मुलगा, शाळकरी नात आणि शेजारची दोन बिऱ्हाडे एकच जाहिरात एकाच क्षणी पाहत असत. तीच जाहिरात त्याच क्षणी इंदूर, बडोदा, बेळगाव आणि हैदराबाद येथील मराठी घरांतही पोहोचत असे.

दुसरे उत्तर कानाशी संबंधित आहे. आकाशवाणीच्या विविध भारतीवर जाहिराती १९६७ पासून सुरू झाल्या होत्या. रेडिओवर दृश्य नसल्याने वस्तूचे नाव चालीत बांधण्यावाचून गत्यंतर नव्हते. हीच गेय जाहिरातीची रीत पुढे दूरदर्शनने उचलली. परिचयाच्या पुनरावृत्तीनेच एखादी गोष्ट आवडू लागते, असे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते. त्याशिवाय मध्यमवयीन व वृद्ध व्यक्तींना साधारणपणे दहा ते तीस या वयातील आठवणी अन्य काळाच्या तुलनेत अधिक ठळकपणे स्मरतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांना अनेकदा आढळले आहे. १९८५ च्या सुमारास शाळेत असलेली पिढी आज पन्नाशीत आहे. स्मरणरंजनाचा हा बहर आताच का आला, याचा खुलासा यातून बऱ्याच अंशी होतो.

तथापि केवळ पुनरावृत्तीने सर्वच जाहिराती लक्षात राहत नाहीत. त्या काळातील शेकडो जाहिराती विस्मरणात गेल्या. ज्या टिकल्या, त्यांत तत्कालीन घरगुती अर्थकारणाचा खरा पेच होता. निरमा आणि सर्फ यांच्यातील स्पर्धा हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. गुजरात सरकारच्या सेवेतील रसायनतज्ज्ञ करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये अहमदाबाद येथे घराच्या आवारात धुण्याची पावडर तयार केली आणि सायकलवरून ती दारोदार विकली. नाव दिले आपल्या मुलीचे. सर्फच्या तुलनेत किंमत कितीतरी कमी असल्याने, जे घर तोवर साबणाच्या वडीवर भागवत होते, त्या घरातही पावडर पोहोचली. पांढऱ्या झग्यातील गिरकी घेणारी मुलगी आणि ती सोपी चाल यांनी उरलेले काम केले.

हिंदुस्थान लिव्हरपुढे मोठा प्रश्न उभा राहिला. भाव उतरवणे अवघड होते. म्हणून महाग वस्तू घेणे हाच शहाणपणा कसा, हे ग्राहकाला पटवायचे होते. लिंटास या जाहिरातसंस्थेचे अ‍ॅलेक पदमसी यांनी त्यासाठी ललिताजी घडवली. ती लाडिक बोलत नाही, कॅमेऱ्याकडे पाहून लाजत नाही. पैसा जपून खर्च करणारी, प्रश्न विचारणारी आणि स्वस्त वस्तू व चांगली वस्तू यांतील फरक ठणकावून सांगणारी ती गृहिणी होती. अर्धा किलो सर्फ एक किलो साध्या पावडरीच्या बरोबरीचे, असा तिचा हिशेब होता. ‘सर्फ की खरीदारी में ही समझदारी है’ हे तिचे वाक्य हिंदी न बोलणाऱ्या प्रांतांतही सहज रुळले. या युक्तिवादाने बाजारातील लढाई मात्र संपली नाही. स्वस्त पावडरीला उत्तर म्हणून लिव्हरला पुढे ‘व्हील’ हे स्वस्त उत्पादन आणावेच लागले. जाहिरात कितीही प्रभावी असली तरी महिन्याचे गणित तिच्याहून प्रबळ ठरते, ही बाब स्मरणरंजनात सहसा निसटते.

पुण्याजवळील आकुर्डी येथे तयार होणाऱ्या बजाज स्कूटरची कथा याहून निराळी आहे. परवाना राजवटीत उत्पादनावर मर्यादा होती, मागणी अफाट होती आणि नोंदणी केल्यानंतर स्कूटर हाती येण्यास दहा-दहा वर्षेही लागत. अशा वस्तूला जाहिरातीची खरे तर गरजच नसते. परंतु १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जपानी तंत्रज्ञानाच्या, कमी इंधनात धावणाऱ्या मोटारसायकली बाजारात आल्या आणि स्कूटर जुनाट वाटू लागण्याचा धोका निर्माण झाला. १९८९ मधील ‘हमारा बजाज’ ही जाहिरात या पार्श्वभूमीवर आली. तिच्यात वेग, इंजिन वा किंमत यांचा पाठपुरावा नव्हता. निरनिराळ्या समाजांतील साधी माणसे आपली स्कूटर पुसताना, चालवताना, तिच्यावरून कुटुंबाला नेताना दिसत होती. लुई बँक्स यांच्या संगीताने नटलेल्या या जाहिरातीने प्रतीक्षेनंतर मिळालेल्या वस्तूविषयीच्या अभिमानाला राष्ट्राभिमानाचे रूप दिले. दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, अर्थव्यवस्था खुली झाली आणि प्रतीक्षायादीचा तो काळच इतिहासजमा झाला. पुढे कंपनीने स्कूटरचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय २००९ मध्ये जाहीर केला. त्या वेळी सर्वाधिक उल्लेख स्कूटरच्या गुणदोषांचा नव्हे, तर त्या गीताचा झाला.

मराठी उद्योजक आणि कलावंतांचा या इतिहासातील वाटाही लहान नाही. केशव विष्णू पेंढरकर यांनी मुंबईतील परळ येथे १९५२ मध्ये सुरू केलेल्या विकोच्या जाहिराती चित्रपटगृहांत आणि दूरदर्शनवर अनेक भाषांतून झळकल्या. १९८४ च्या ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेचे प्रायोजकत्वही विकोकडे होते. हळदीचे मलम हे सौंदर्यप्रसाधन नव्हे, असे त्यांचे जाहिरातगीत ठासून सांगत असे. प्रेक्षकांना ती निव्वळ यमकाची सोय वाटली असेल. पण ते आयुर्वेदिक औषध आहे की सौंदर्यप्रसाधन, यावर अबकारी कराचा दर अवलंबून होता आणि याच मुद्द्यावर कंपनीने दीर्घकाळ न्यायालयीन लढा दिला. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतील हसरा ससा हे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचे काम. गिरगावात १९५९ मध्ये सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या संस्थेला त्या बाहुलीने देशभर ओळख दिली. ‘ओनिडा’चा शिंगे-शेपटीवाला सैतान गोपी कुकडे यांच्या कल्पनेतला. शेजाऱ्याच्या मत्सराचे उघड भांडवल करणारी ती जाहिरात त्या सोज्वळ काळात धाडसीच म्हणावी लागेल.

चित्रवाणीच्या आधीची बोधचित्रेही याच आठवणींत मिसळून गेली आहेत. एअर इंडियाचा महाराजा १९४६ चा. त्याची कल्पना बॉबी कूका यांची, तर रेखाटन उमेश राव यांचे. एशियन पेंट्सचा हातात ब्रश घेतलेला खट्याळ गट्टू १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी रेखाटला. अमूलची ठिपक्यांच्या झग्यातील मुलगी १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर दा कुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी घडवली. यांपैकी गट्टू या शतकाच्या आरंभी निवृत्त झाला. अमूलची मुलगी मात्र चालू घडामोडींवर भाष्य करत राहिल्यामुळे आजही टिकून आहे.

जुने ते सर्वच गोड होते असे मात्र नाही. त्याच पडद्यावर गोऱ्या वर्णाविना मुलीला नोकरी वा स्थळ मिळणार नाही असे सुचवणाऱ्या मलमांच्या जाहिराती वर्षानुवर्षे दाखवल्या गेल्या. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातून ‘फेअर’ हा शब्द वगळला गेला तो २०२० मध्ये. दरम्यान ज्या मुली त्या जाहिराती पाहत मोठ्या झाल्या, त्यांच्या आठवणी समाजमाध्यमांवरील संकलनांत क्वचितच दिसतात. एकत्र पाहिलेली जाहिरात प्रत्येकाला सारखीच सुखावत होती, हे गृहीत धरता येत नाही.

उपग्रह वाहिन्या आल्या आणि एकाच वेळी एकच चित्र पाहणारा प्रेक्षक विभागला गेला. आता भ्रमणध्वनीवर एकाच घरातील दोघांना दोन वेगळ्या जाहिराती दिसतात. जुन्या नावांची बाजारातील किंमत त्यामुळेच वाढली आहे. ‘चेतक’ हे नाव २०१९ मध्ये विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळाले. कॅम्पा कोला २०२३ मध्ये नव्या मालकीखाली परतले. क्रिकेटच्या मैदानात नाचत शिरणाऱ्या तरुणीची कॅडबरीची १९९४ ची जाहिरात २०२१ मध्ये भूमिकांची अदलाबदल करून पुन्हा चित्रित झाली. या वेळी फटके मारणारी खेळाडू स्त्री होती आणि नाचत येणारा तरुण.

ती घडवणारी पिढी मात्र एकेक करून निरोप घेत आहे. पदमसी २०१८ मध्ये गेले, दा कुन्हा २०२३ मध्ये आणि कॅडबरी व फेविकॉलच्या जाहिरातींमागील पीयूष पांडे ऑक्टोबर २०२५ मध्ये. ललिताजीची भूमिका करणाऱ्या कविता चौधरी यांनी १९८९ मध्ये ‘उडान’ ही मालिका स्वतः लिहून दिग्दर्शित केली आणि तिच्यात पोलीस अधिकारी कल्याणी सिंगची मध्यवर्ती भूमिकाही केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमृतसर येथे त्यांचे निधन झाले. त्या वृत्तांमध्ये कल्याणी सिंग आणि ललिताजी ही दोन्ही नावे शेजारीशेजारी होती.