व्याधाच्या अंगावरचा मुलामा

जबलपूरला बडा फुहारा म्हटले की बाजार आलाच. चौकात कारंजे, त्याच्या भोवती कापडाची, भांड्यांची, किराण्याची दुकाने आणि चार पावलांवर सराफांच्या पेढ्या. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांची लग्नाची खरेदी अजूनही याच भागात होते. भाचीचे लग्न माघात ठरले, तेव्हा आम्हीही आजीच्या पाटल्यांची जोडी घेऊन अशाच एका पेढीवर गेलो. जुने मोडून नवे घडवायचे होते.

सराफांनी पाटली कसोटीवर घासली. पिवळी रेघ उठली. तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकला, तरी रेघ टिकली. आईचा चेहरा उजळला. मग त्यांनी पाटली तळहातावर तोलली, जरा थबकले आणि कानस हातात घेतली. दोन-तीन फटकाऱ्यांत आतला तांबूस धातू डोकावला.

‘‘माँजी, सोना तो है, पर ऊपर-ऊपर,’’ ते हळूच म्हणाले.

घरी येऊन आत्याला विचारले, तेव्हा उलगडा झाला. काकांच्या मोठ्या दुखण्यात अस्सल पाटल्या विकल्या गेल्या होत्या. चार माणसांत हात रिकामे दिसू नयेत म्हणून आजोबांनी तशाच घाटाच्या तांब्याच्या पाटल्या करवून त्यांवर जाड मुलामा चढवला होता. आजी त्या शेवटपर्यंत वापरत होती. कुणाला कधी शंकाही आली नाही.

त्या रात्री गच्चीवर उभा होतो. समोर व्याध झगमगत होता, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. आणि मनात आले, अरे, याचीही तर तीच गोष्ट!

ताऱ्याची कसोटी

ताऱ्यात काय आहे हे कळते त्याच्या प्रकाशावरून. प्रकाश लोलकातून नेला की रंगांचा पट्टा पडतो, आणि त्या पट्ट्यावर बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्या. हेलियम वायू असाच सापडला. १८६८ साली सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा दिसली. तिच्या शोधाशी ज्याचे नाव जोडले गेले, तो नॉर्मन लॉकियर पुढे २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी आपल्या विजयदुर्गावर तळ ठोकून होता.

पण कसोटीची जी मर्यादा, तीच वर्णपटाची. दगडावर उमटते ती दागिन्याची वरची कातडी. ताऱ्याचा प्रकाशही सुटतो तो अगदी वरच्या थरातून. सूर्याचे उदाहरण घ्या. त्याची त्रिज्या सुमारे ७ लाख किलोमीटर, आणि ज्या थरातून आपल्याला ऊन मिळते त्याची जाडी जेमतेम ५०० किलोमीटर. आतले सारे झाकलेले.

व्याधाच्या वर्णपटात लोखंडाचे प्रमाण सूर्याच्या सुमारे तिप्पट दिसते. म्हणून व्याध लोखंडाचा गोळा आहे असे मात्र नाही. आत तो इतर ताऱ्यांसारखाच हायड्रोजन आणि हेलियमचा आहे. लोखंड जास्त आहे ते ऊपर-ऊपर!

वहीतला शेरा

या विक्षिप्त ताऱ्यांची पहिली नोंद एका बाईंच्या नावावर आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत अँटोनिया मॉरी ताऱ्यांच्या वर्णपटांची छायाचित्रे भिंगाखाली तपासत असत. १८९७ साली छापलेल्या त्यांच्या यादीत, सप्तर्षींच्या शेपटीखालच्या एका ताऱ्याची गणना ‘विचित्र’ अशी झाली. त्यात सिलिकॉनच्या रेषा नको तितक्या ठळक होत्या. पुढे त्याच धर्तीचे शेकडो तारे मिळत गेले. खुद्द सप्तर्षींतला अंगिरस याच जातीचा. त्याच्या रेषा साधारण पाच दिवसांच्या फेऱ्याने कमी-जास्त होतात, कारण मूलद्रव्यांचे डाग त्याच्या अंगावर जागोजागी पडलेले आहेत. तारा फिरला की कधी एक डाग समोर येतो, कधी दुसरा.

उत्तरा भाद्रपदा नक्षत्राशी जोडलेला अल्फेराट्झ तर आणखी अजब. त्याच्या अंगावर पारा आहे! आपल्या थर्मामीटरमध्ये असायचा तोच. या जातीच्या काही ताऱ्यांत पाऱ्याचे प्रमाण सूर्याच्या लाखपटीपर्यंत भरते. सात वर्षांच्या निरीक्षणांतून २००७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की अल्फेराट्झवरचे पाऱ्याचे डाग ढगांसारखे आकार बदलतात. पाऱ्याचे ढग! कल्पना करून पाहा.

पण या सगळ्यांवर कडी केली ती एका पोलिश शास्त्रज्ञाच्या ताऱ्याने. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या अँतोनी प्रशिबिल्स्की यांनी १९६१ साली नरतुरंग तारकासमूहातला एक मंद तारा उजेडात आणला. त्यात लोखंडाच्या रेषा शोधाव्या लागत, आणि होल्मियम, डिस्प्रोसियम अशा शाळेच्या पुस्तकातही न भेटणाऱ्या धातूंची मात्र गर्दी. प्रोमेथियमही त्यात आहे असा दावा काहींनी केला. या मूलद्रव्याचा सर्वांत टिकाऊ प्रकारसुद्धा १८ वर्षांच्या आत निम्मा उरतो, मग ते ताऱ्यावर टिकले कसे? वाद अजून मिटलेला नाही. १९७८ साली डॉन कुर्ट्झ यांना दिसले की हा तारा दर १२ मिनिटांनी धडधडतोसुद्धा. असे धडधडणारे तारे हुडकायला पुढे नैनिताल आणि दक्षिण आफ्रिका यांच्या वेधशाळांनी मिळून मोहीम काढली, आणि नैनितालच्या दुर्बिणीला साडेसात मिनिटांच्या ठेक्याचा एक तारा गवसला.

मुलामा चढवतो कोण?

इथे पुन्हा फुहाऱ्याकडे यायला हवे. जत्रेत कारंज्याच्या धारेवर नाचणारा हलका चेंडू आपण पाहिलेला असतो. खालून पाण्याचा रेटा, वरून वजनाची ओढ, आणि चेंडू मधल्यामध्ये तरंगत राहतो. ताऱ्याच्या आतून बाहेर येणारा प्रकाशही असाच रेटा देतो. लोखंड, क्रोमियम, पारा यांचे अणू त्या प्रकाशातले बरेच रंग गिळतात, म्हणून त्यांना धक्का जास्त बसतो आणि ते वर चढतात. हेलियमला हा धक्का फारसा लागत नाही, तो खाली बसतो. जॉर्ज मिशो या कॅनडातल्या शास्त्रज्ञाने १९७० साली हे गणित मांडले. ही चढ-उतार इतकी सावकाश चालते की मुलामा दिसण्याजोगा व्हायला फार मोठा काळ लागतो.

मग सूर्यावर पाऱ्याचे ढग का नाहीत? कारण सूर्याचा वरचा भाग चुलीवरच्या आमटीसारखा सतत खदखदतो. वर आलेले खाली, खाली गेलेले वर. व्याधासारख्या जास्त तापलेल्या ताऱ्यांचा वरचा थर त्या मानाने निवांत असतो. त्यांतलेही बहुतेक गरागरा फिरतात आणि स्वतःलाच ढवळून घेतात. जे हळू फिरतात, तेच मुलामा चढवू शकतात. काहींना जवळचा जोडीदार तारा आवरतो, काहींना स्वतःचे चुंबकत्व. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जेमतेम अर्धा गॉस, तर यांच्यातल्या काहींचे हजारो गॉसचे. अशा तापलेल्या ताऱ्यांपैकी साधारण दर दहांत एक चुंबकीय निघतो.

हे चुंबक-तारे आपल्या पुणे जिल्ह्याने ऐकलेसुद्धा आहेत. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना रानात पसरल्या आहेत, ही जीएमआरटी दुर्बीण. तिच्या साहाय्याने पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या बर्नाली दास आणि पूनम चंद्रा यांनी अशा ताऱ्यांकडून येणारे रेडिओ ठोके टिपले. तारा फिरताना त्याच्या चुंबकाजवळून सुटणारा झोत दीपगृहाच्या दिव्यासारखा आपल्यावरून जातो, तेवढ्यापुरता ठोका ऐकू येतो. पहिला तारा असा २००० साली परदेशात सापडला होता. २०२१ साली खोडदच्या दुर्बिणीने आणखी आठ जाहीर केले, आणि तोवर माहीत असलेल्या १५ पैकी ११ तिच्याच खात्यावर जमा झाले. ही दुर्मीळ जात वाटत होती, ती ऐकणाऱ्यांच्या कानांअभावी दुर्मीळ होती, असे आता म्हणावेसे वाटते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारेल. ताऱ्याचे वय आणि आयुष्य काढायचे तर तो कशाचा बनला आहे हे आधी ठाऊक हवे. कातडीवर भरवसा ठेवला तर हिशेब चुकतो. आपला सूर्यसुद्धा पुरता सरळ नाही. त्याच्या पृष्ठभागाच्या कंपनांवरून कळले, की वर सुमारे २५ टक्केच हेलियम आहे, आणि जन्माच्या वेळी तो सुमारे २७ टक्के असावा. उरलेला साडेचार अब्ज वर्षांत खाली बसत गेला.

आईने पाटल्या मोडल्या नाहीत. कानशीचा ओरखडा तसाच ठेवून भाचीने त्या मागून घेतल्या. लग्नाआधी एक दिवस तिला गच्चीवर नेऊन व्याध दाखवला. सप्तर्षींतला अंगिरस बघायला चैत्र-वैशाखातली संध्याकाळ बरी, उत्तरेकडे. पाऱ्याचा अल्फेराट्झ कार्तिकात रात्री आठ-नऊच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. फुहाऱ्याच्या दिव्यांच्या झगमगाटातूनही तो सुटत नाही, तिला सांगून ठेवले आहे.