विश्लेषण : नायट्रो आरसी मोटारीचे नवे इंजिन ‘मोकळे’ का करावे लागते?

‘गाडी नवी आहे, इंजिन मोकळे होईपर्यंत चाळीसच्या वर पळवू नका,’ हा मेकॅनिकचा सल्ला जुन्या स्कूटरवाल्यांना आठवत असेल. रिमोटवर धावणाऱ्या नायट्रो मोटारीच्या मुठीएवढ्या इंजिनाला हाच नियम अधिक कडकपणे लागू होतो. पहिल्या पाच-सहा टाक्यांत झालेली चूक पुढे ट्यूनिंगने भरून निघत नाही. पिस्टन आणि स्लीव्ह बदलण्याचा खर्च माथी येतो.

हे इंजिन वेगळे कसे?

हे टू-स्ट्रोक इंजिन साधारण 2 ते 3.5 सीसीचे असते, तरी मिनिटाला 30 हजारांहून अधिक फेरे घेते. इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण. ठिणगी देणारा प्लग नसतो. ग्लो प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तार सुरुवातीला बॅटरीने तापवतात. नंतर मिथेनॉलच्या संपर्काने आणि ज्वलनाच्या उष्णतेने ती तापलेली राहते.

नवे इंजिन घट्ट का?

यात पिस्टन रिंग नसते. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असल्याने थंड असताना पिस्टन तिथे अडकतो. तापल्यावर पितळी स्लीव्ह ॲल्युमिनियमच्या पिस्टनपेक्षा जास्त पसरते आणि दोहोंत नेमके अंतर तयार होते. लेथवर काम करणाऱ्या गोखिवरे परिसरातील कारागिरांना मायक्रॉनचा हा हिशेब नवा नाही.

मग ते हळूहळू, थंड चालवावे का?

इथेच अनेकांची गफलत होते. खूप जास्त इंधन देऊन इंजिन थंड ठेवले, तर पिस्टन निमुळत्या भागात घासतो आणि कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. त्यामुळे हेड आधी हेअर ड्रायरने गरम करावे. मिश्रण थोडे रिच, म्हणजे इंधन जास्त ठेवून पहिल्या टाक्या कमी वेगात संपवाव्यात. प्रत्येक टाकीनंतर इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे. त्या वेळी फ्लायव्हील फिरवून पिस्टन खाली आणावा. वरच राहिला तर आकसणारी स्लीव्ह त्याला आवळते. पुढच्या टाक्यांना वेग थोडा थोडा वाढवावा.

ट्यूनिंग कसे करावे?

आधी हाय-स्पीड सुई, मग लो-स्पीड, शेवटी आयडल. सुई घड्याळाच्या दिशेने फिरवली की इंधन कमी होते. एका वेळी एक-अष्टमांश फेराच द्यावा. भरधाव मोटारीमागे निळसर धुराची रेघ दिसायला हवी. धूर नाहीसा झाला आणि मोटार वेगात अडखळली, तर मिश्रण लीन झाले आहे, ताबडतोब थांबावे. हेडचे तापमान साधारण 95 ते 120 अंश सेल्सिअस असावे. वंगण इंधनातच असल्याने इंधन कमी पडले की तेलही कमी पडते आणि इंजिन सीझ होते.

वसईच्या हवेचा काय परिणाम?

उष्ण, दमट हवेत ऑक्सिजन कमी असल्याने इंधन किंचित कमी लागते. जानेवारीच्या गार सकाळी जास्त लागते. म्हणजे मे महिन्यात जुळवलेली सुई थंडीत तशीच ठेवली, तर इंजिन लीन चालून तापेल. मिथेनॉल हवेतील बाष्पही शोषते. त्यामुळे खाडी-समुद्राजवळच्या वसईत बाटलीचे झाकण घट्ट हवे. दिवसअखेर टाकी रिकामी करून इंजिनात तेलाचे काही थेंब सोडावेत, नाहीतर बेअरिंग गंजतात.

धोका कोणता?

मिथेनॉल विषारी आहे. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरहून अधिक जणांचा बळी घेतला. त्याची ज्योत उन्हात जवळपास दिसत नाही आणि ते त्वचेतूनही शरीरात जाते. इंधन पाण्याच्या बाटलीत कधीही ओतू नये, मुलांच्या हाती देऊ नये. गाळ्यात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये नव्हे, मोकळ्या मैदानातच इंजिन सुरू करावे. इंजिन बिघडले तर नवे आणता येते. इथली चूक मात्र जिवावर बेतू शकते.